आधी मामांना कळू दे

बाईंनी मला नापास केलं तेव्हा मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. त्यांच्या कॉलेजची पायरी मी एकदाच चढलो होतो, तीही वीस मिनिटांसाठी, बातमी आणायला. मी एका दैनिकात वार्ताहर होतो, लग्न झालेला, एका मुलीचा बाप. एका सकाळी ऑफिसच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाकीट आलं. आत माझ्याच बातमीचं कात्रण. त्यावर लाल शाईनं रेघा, गोल, फुल्या. समासात ‘कुणी सांगितलं?’, ‘किती?’, ‘मी असं बोललो न्हाय’. खाली, शाळेत गुरुजी घालायचे तसा गोलात आकडा: शंभरपैकी अकरा. आणि त्याखाली एक ओळ. ‘अकरा मार्क शुद्धलेखनाचे. पुन्हा बसावे.’

बातमी गुळाची होती. बाई रसायनशास्त्र शिकवायच्या, पण त्यांच्या प्रयोगशाळेत पाणी, दूध, हळद, गूळ, हाताला लागेल ते तपासलं जायचं. मुलांनी बाजारातून गुळाचे रवे, म्हणजे लहान ढेपा, आणल्या होत्या. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहीजण एक पावडर घालतात. तिचा अंश त्यातल्या दोन रव्यांत असावा त्यापेक्षा जास्त निघाला. एवढंच. मी लिहिलं, ‘गुळात घातक रसायन’. डेस्कवरच्या कुणीतरी मथळा केला, ‘कोल्हापुरी गुळात विष!’

ते उद्गारचिन्ह तरी माझं नव्हतं, असं मी पुढं बाईंना सांगितलं.

“व्हय? मग बारा मार्क देतो,” त्या म्हणाल्या.

‘देतो’ वाचून बाहेरगावचा वाचक अडखळेल. आमच्याकडच्या बायका सर्रास ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणतात. बाई डॉक्टरेट घेऊन आल्या, परदेशातल्या परिषदेला जाऊन आल्या, तरी ‘जातो’च म्हणत राहिल्या. वर्गातसुद्धा. कुणी हसलं तर म्हणायच्या, “परीक्षानळीला व्याकरण कळत न्हाय.”

ते पाकीट घेऊन मी तडक कॉलेजात गेलो होतो, भांडायलाच. सुती साडी, पायात खेळाडूंचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ अशा बाई बेसिनच्या गळक्या नळाला दोरा गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “या पावणं. स्टूल ओलं हाय, पुसून बसा.”

“मॅडम, रसायन सापडलं असं तुम्हीच सांगितलं होतं.”

“सांगितलं की. दोन रव्यांत सांगितलं. तुमी अख्खा जिल्हा उचलला.”

“बातमीत सगळं येत नसतं.”

“मग काय येतं? भ्या तेवढं येतंय व्हय?”

मला राग आला होता, म्हणून खरं तोंडातून निघून गेलं. “तुम्ही इतकं अवघड बोललात की मला निम्मं कळलंच नाही.”

त्यांचा हात नळावरच थांबला. माझ्याकडं वळून त्यांनी चष्मा काढला. “मग इचारलं का न्हाईस?”

“लाज वाटली.”

नळ टपटपत होता. बाईंनी पदराला हात पुसले. मग कात्रण माझ्या हातातून ओढून घेतलं आणि माझ्या आकड्याशेजारी दुसरा गोल काढला. त्यात लिहिलं, ‘सांगणारी: शंभरपैकी दहा’.

“वीस मिनटं बोललो मी, आन तुला काय कळलं ते एकदा बी इचारलं न्हाय,” त्या म्हणाल्या. “मी तुझ्या खाली एक मार्क. उद्या कागलकडं जायाचं हाय. गुऱ्हाळवाल्यांनी बोलावलंय. तू बी येणार हाईस.”

‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं ते मला कळलंही नव्हतं.

त्या गुऱ्हाळावर शे-दोनशे माणूस जमलं होतं. काहिलीत रस उकळत होता, आणि तो गोड वास नाकात जात असताना माणसं बाईंवर ओरडत होती. एक पुढारी होते, एक टीव्हीचा कॅमेरा होता. पुढाऱ्यांनी ताटलीत गुळाचा खडा ठेवून बाईंपुढं धरला.

“बाई, सगळ्यांसमोर एवढा खावा. म्हंजे मिटलं.”

मला वाटलं, त्या खातील आणि आम्ही घरी जाऊ. कॅमेरा जवळ आला.

“मी खाल्ला म्हणून गूळ चांगला ठरत न्हाय,” बाई म्हणाल्या, “आन मी न्हाय खाल्ला म्हणून वाईट ठरत न्हाय. माझं प्वाट म्हंजे प्रयोगशाळा न्हवं.”

गर्दीतून कुणीतरी शिवी हासडली. “ज्यानं शिवी दिली त्यानं म्होरं यावं, नाव सांगावं,” बाई म्हणाल्या. “मी माझं नाव सांगूनच बोलालोय.” कुणी पुढं आलं नाही. मग त्या काहिलीपाशी घामाघूम उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गुळव्याकडं गेल्या. ज्याच्या हातावर गूळ जमतो तो कारागीर म्हणजे गुळव्या.

“बाबा, मळी कशानं काढता?”

“भेंडीच्या चिकानं. बापजाद्यापासनं.”

“मग गूळ तांबूस व्हत असंल.”

“व्हतोय की. पर व्यापारी म्हणतोय पिवळा पायजे. त्याला गिऱ्हाईक म्हणतंय पिवळा पायजे.”

बाई माझ्याकडं वळल्या. “ही बातमी हाय. लिव.” आणि गर्दीला म्हणाल्या, “दोन रवे वाईट निघाले, ते मी म्हणणारच. तुमचे सगळे रवे वाईट हाईत असं मी म्हणालो न्हवतो. ते ह्यानं लिवलं, आन मी ह्याला नीट सांगितलं न्हवतं. दोघं बी हितं उभं हाय. काय बोलायचं ते बोला.”

लोक बोलले. तासभर बोलले. कॅमेरावाला मात्र, बाईंनी खडा खाल्ला नाही म्हटल्यावर, निघून गेला होता. मी गुळव्याची बातमी लिहिली. ती आतल्या पानावर आली. तिला अठ्ठावन्न मार्क मिळाले. ‘मथळ्यात उगाच कोडं घातलंय,’ एवढा शेरा.

ही लाल शाईची पाकिटं कोल्हापुरातल्या सगळ्या दैनिकांत जायची. कुठं ‘गगनबावड्यात ढगफुटी’ छापून आलं की दुसऱ्या दिवशी पाकीट: ‘तासाला किती पडला? मोजला कुणी? ढग फुटाय तो फुगा हाय काय?’ संपादक लोक चिडायचे, पण पाकीट फोडल्याशिवाय राहवायचं नाही कुणाला. आणि शास्त्रज्ञांनाही पाकिटं जायची, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कुणी प्राध्यापक मुलाखतीत दहा जड शब्द बोलला की त्याच्या मुलाखतीचं कात्रण लाल होऊन त्याच्या घरी. ‘तुमचं संशोधन तुमच्या आईला कळत न्हाय, हा आईचा दोष न्हवं.’ एका विभागप्रमुखांनी त्यावर बाईंशी बोलणं टाकलं ते निवृत्त होईपर्यंत. बाईंनी मात्र त्यांना रोज नमस्कार केला.

त्यांच्या घरी दोन फ्रिज होते. एकात भाजी, एकात बाटल्या. दुसऱ्यावर मोठ्या अक्षरात ‘पिऊ नये’. एकदा त्यांच्या नणंदेनं घाईघाईत तिथली बाटली उघडली तेव्हा बाईंनी आधी बाटली वाचवली, मग नणंद. नणंद हे स्वतः हसत हसत सांगायची.

आकडा सांगताना त्याचं घरदार सांगावं, असं त्या म्हणायच्या. कुठला, कधीचा, कुणी मोजला, कितींदा मोजला. “लग्नाला स्थळ आलं तर चौकशी करतासा न्हवं? मग आकडा तसाच घरात घेतासा कसा?”

गुळाच्या प्रकरणानंतर त्यांनी एक नवीन खूळ काढलं. गंगावेशीत संध्याकाळी दूध प्यायला गर्दी होते. म्हशी तिथंच उभ्या, धार समोरच काढायची, पेला हातात. एका म्हशीवाल्या मामांकडं बाईंचा पेला ठरलेला होता. मामा अंगानं आडवे, मिशा पिळदार, शाळा चौथीपर्यंत. बाईंनी ठरवून टाकलं की कोल्हापुरात कुठलाही शास्त्रज्ञ येऊ दे, पत्रकारांशी बोलण्याआधी त्यानं मामांना सांगायचं. मामांना कळलं तर छापायचं. कळलं नाही तर शास्त्रज्ञानं परत सांगायचं. आम्ही चार-सहा वार्ताहर पेला घेऊन बाजूला उभे.

कळलं नाही की मामा म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, “हिला बी कळलं न्हाय बगा.”

पुण्याचे एक मोठे मृदाशास्त्रज्ञ आले होते. नदीकाठच्या जमिनी मिठानं पांढऱ्या पडतात, त्यावर त्यांचं आयुष्य गेलेलं. सुटाबुटात, शेणाची पो चुकवत उभे राहिले आणि म्हणाले, “मातीतील विनिमयशील सोडियमचं प्रमाण…”

थाप. “हिला बी कळलं न्हाय.”

दुसऱ्यांदा ‘निचऱ्याचा अभाव’ आला. थाप. तिसऱ्यांदा ते जरा तापले. चौथ्यांदा कोट काढून हातावर घेतला आणि म्हणाले, “अहो, जास्त पाणी दिलं की खालचं मीठ वर येतं. मीठ वर आलं की ऊस खाली बसतो.”

“हां! मग असं सांगा की,” मामा म्हणाले. “आमच्या साडूचं कुरुंदवाडला असंच पांढरं पडलंय. मग पाणी कमी द्यायचं आन चर काढायचा, व्हय न्हवं?”

शास्त्रज्ञांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मामांनी एका वाक्यात सांगितलं होतं. रागवायचं की खूश व्हायचं ते त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी दुसरा पेला मागितला.

आमची परीक्षा त्यानंतर असायची. “आता तू सांग. मी ऐकतो,” बाई म्हणायच्या. जे कळलं ते आम्ही म्हणून दाखवायचं. माझ्यासारखे दोघं-तिघं कुरकुरायचे. छापण्याआधी बातमी दाखवणं आमच्या धंद्यात बसत नाही.

“बातमी कोण मागालंय?” बाई म्हणायच्या. “काय कळलं तेवढं दाव. मत तुझं, मथळा तुझा. आकडा माझा हाय, तो मोडू नको.”

त्यांच्या कॉलेजातले तरुण प्राध्यापक पत्रकारांना भ्यायचे. एकदा बोललं की फजिती ठरलेली, म्हणायचे. त्यांना बाई म्हणायच्या, “तू गप ऱ्हायलास तर तुझी जागा मोकळी ऱ्हात न्हाय. ज्याला काय बी म्हाईत न्हाय तो येऊन बसतो.”

कॉलेज चालवणाऱ्या संस्थेला हे फार दिवस रुचणार नव्हतं. परिपत्रक निघालं: पूर्वपरवानगीशिवाय कोणीही प्रसारमाध्यमांशी बोलू नये. बाईंनी खाली ‘वाचलं’ असं लिहून सही केली. तेव्हापासून त्या दर वेळी परवानगीचा अर्ज करायच्या. उत्तर कधी यायचं नाही. अर्जांच्या प्रतींची फाइल मात्र फुगत गेली.

मग एका पावसाळ्यात नदी पात्र सोडून वर आली. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या एका गावाची सार्वजनिक विहीर उघडी पडली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना ते आवडणार नाही. एका कार्यालयानं पत्रक काढलं की विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली आहे, पाणी पिण्यास योग्य आहे. आम्ही सगळ्यांनी ते जसंच्या तसं छापलं. मीसुद्धा.

बाई स्कूटरवर बर्फाचा डबा बांधून त्या विहिरीवर गेल्या. वेगवेगळ्या दिवशी, तीन वेळा. पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या असतात. पाण्यात मैल्यातले जंतू असले की ती बाटली दिवस-दोन दिवसांत काळी पडते. तिन्ही खेपेच्या बाटल्या काळ्या पडल्या. पावडरीचा अंश उरलाय का ते बघायला वेगळा थेंब घालतात. पाणी पिवळं व्हायला हवं, ते झालं नाही. बाईंनी त्या कार्यालयाला पत्र दिलं, पोच घेतली. “बघतो,” म्हणाले. बाईंनी प्राचार्यांना अर्ज दिला. उत्तर नाही. गावात पोरांना जुलाब सुरू झाल्याचं कानावर येत होतं, आणि बायका त्याच विहिरीवर घागरी भरत होत्या.

पत्र दिल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी मला बाईंचा फोन आला.

“सांजच्याला दूध प्यायला येणार हाईस काय?”

“काही खास?”

“मी पत्रकारांशी बोलणार न्हाय. मला बंदी हाय. मी मामांशी बोलणार हाय. तू दूध पी.”

असे सहा फोन गेले होते. आम्ही सहाजण पेले घेऊन उभे राहिलो. बाईंनी आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कट्ट्यावर बाटल्या ओळीनं मांडल्या, काळ्याकुट्ट, आणि शेवटी एक स्वच्छ.

“मामा, ही शेवटची माझ्या नळाच्या पाण्याची. ह्या बाकीच्या त्या हिरीच्या.”

मामांनी हात धुतले आणि जवळ येऊन बाटल्या निरखल्या. “म्हंजे हिरीत इख पडलंय?”

“इख म्हणू नका. इख न्हवं. हागणदारीतलं पाणी हिरीत उतरलंय.”

“मग प्यालं की माणूस मरतंय?”

“तसं न्हाय. कोण आजारी पडंल आन कोण न्हाय, ते मला सांगता येणार न्हाय. उकळल्याबिगार कुणी पिऊ नये, एवढं सांगता येतंय.”

“पर पावडर टाकली म्हणत्यात की.”

“टाकली असंल. मी न्हवतो तितं. आता पाण्यात तिचा अंश न्हाय, एवढं मी बगितलंय. पावडर जुनी व्हती का कमी पडली, म्हाईत न्हाय.”

“आन पोरांना जुलाब लागल्यात ते हिच्यामुळंच की.”

“ते डॉक्टरनी सांगावं. मी बाटल्या तपासल्यात, पोरं न्हाय तपासली.”

माझ्या शेजारचा वार्ताहर लिहिता लिहिता थांबला. ‘विहिरीच्या पाण्यानं मुलं आजारी’ असा मथळा त्यानं मनात बांधला असणार. मीही बांधला होता. त्या एका वाक्यानं तो आमच्या हातून गेला.

“मग करायचं काय?” मामांनी विचारलं.

“हिर उपसायची. ताजी पावडर टाकायची. परत तपासायची. तवर टँकर. आता तुमी सांगा, काय कळलं?”

मामांनी सगळं म्हणून दाखवलं, आमच्याकडं बघत, सावकाश, लिहून घेता यावं असं. एके ठिकाणी ‘सगळ्या हिरी’ म्हणाले, तिथं बाई कडाडल्या, “एकच हिर!” मामांनी दुरुस्त केलं. मग बाईंनी दूध संपवलं, बाटल्या डब्यात भरल्या आणि स्कूटरला किक मारून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सहा दैनिकांत एकच बातमी, एकाच अर्थाची आली. असं कोल्हापुरात मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं. माझा मथळा होता, ‘त्या विहिरीचं पाणी उकळूनच प्या’. तो मिळवायला मी डेस्कवर तासभर भांडलो होतो. गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन त्या कार्यालयाच्या दारात जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी टँकर आला. विहीर उपसायला सुरुवात झाली.

आणि बाईंना कारणे दाखवा नोटीस आली.

त्यानंतर आठवड्यानं आमच्या संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. दोनच ओळी. ‘संबंधित प्राध्यापिकेच्या बोलण्याचा आमच्या वार्ताहराकडून गैरसमज झाला. दिलगीर आहोत.’

“संस्थेकडून निरोप आलाय,” ते म्हणाले. “एवढं छापलं तर बाईंना फक्त समज देऊन सोडतील. तुझं काय जातंय? बाई वाचतील.”

मला ते पटलं, हे कबूल करतो. इतकी वर्षं त्यांनी मला घडवलं, त्यांच्यासाठी एक खोटी चूक अंगावर घ्यायला माझी ना नव्हती. उलट त्यात मला जरा मोठेपणाच वाटत होता. कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. कागद त्यांनी दोनदा वाचला.

“ही तुझी चूक हाय?”

“नाही.”

“मग?”

“तुमची नोकरी…”

“माझी नोकरी मी बगतो.” त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. “हे छापलं तर त्या बाया काय वाचतील? गैरसमज झाला म्हंजे पाणी चांगलं हाय. दुसऱ्या दिवशी घागरी परत हिरीवर. हिर अजून तपासून झाली न्हाय. कळालंय तुला, तू काय घेऊन आलाईस ते?”

मला तोपर्यंत खरंच कळलं नव्हतं. बायका माझ्या डोक्यात आल्याच नव्हत्या. बाई आणि मी, एवढेच होतो.

“इतकी वर्सं तुमाला चुकलं की चुकलं म्हणालो,” बाई म्हणाल्या. “का म्हणालो? कधीतरी बरोबर लिवाल म्हणून. आता लिवलंयसा, आन तेच चूक म्हणून छापायचं व्हय?” कागद नीट घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिला. “फाडत न्हाय मी. तुझ्या संपादकाचा हाय. परत दे त्याला.”

मी परत दिला, आणि नाही म्हणालो. संपादकांनी तो छापला नाही, पण मला वर्षभर निधनवार्तांच्या पानावर बसवलं. मी त्याही नीट लिहिल्या. मयताचं वय दोन ठिकाणी विचारून.

बाईंकडून प्रयोगशाळा काढून घेतली. निवृत्तीपर्यंत त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर रसायनशास्त्र शिकवलं. आता त्या कुरुंदवाडला, माहेरच्या गावात असतात. एका कानानं ऐकू येत नाही, त्यामुळं आवाज आणखी मोठा झालाय. आजूबाजूच्या शाळांतले मास्तर पाण्याच्या बाटल्या घेऊन त्यांच्या दारात येतात. मी गेलो की आधी जेवायला वाढतात, मग भांडतात. आपण काही मोठं केलं असं त्यांच्या बोलण्यात कधी येत नाही. विषय काढला तर म्हणतात, “हिर साफ झाली न्हवं? मग.”

पण त्यांची आठवण काढली की मला ती चौकशीची दुपार दिसते. प्राचार्यांची खोली, वर गरगरणारा पंखा, समितीचे तिघेजण, कोपऱ्यात टिपण घेणारा कारकून. मला माझी वही घेऊन साक्षीला बोलावलं होतं. मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो होतो. अध्यक्ष वयस्कर, गोड बोलणारे.

“मॅडम, आपण एका घरातली माणसं,” ते म्हणाले. “पत्रकार ऐकतात एक, लिहितात एक. हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? तुम्हीच आयुष्यभर सांगत आलात. तेवढंच लिहून द्या, माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला. विषय संपला.” त्यांनी टाइप केलेला कागद आणि टोपण काढलेलं पेन पुढं ठेवलं.

बाईंनी पर्समधून माझ्या बातमीचं कात्रण काढलं, चष्मा लावला आणि बातमी वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकेक शब्द सुटा करून. कुणाला मध्ये बोलता आलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी कात्रण टेबलावर ठेवलं.

“ह्यातलं कुठलं वाक्य विपर्यास हाय?”

अध्यक्षांनी पेन आणखी पुढं सरकवलं.

“ह्यांनी बरोबर लिवलंय,” बाई म्हणाल्या. “मी बोललो तेच लिवलंय. जे मी न्हाय बोललो ते न्हाय लिवलं.”

दुसरे सदस्य घाईनं म्हणाले, “पण मॅडम, तुम्ही तर त्या दूधवाल्याशी बोलत होता. हे लोक तिथं आहेत हे तुम्हाला माहीत नसेल. तसं असेल तर नियमाचा भंग होत नाही.”

सुटकेचं दार त्यांनी स्वतःच उघडून दिलं होतं. ती वाट बाईंनीच शोधलेली होती. मला वाटलं, आता तरी.

“म्हाईत व्हतं की,” बाई म्हणाल्या. “मीच फोन करून बोलावलतं. सहाच्या सहा जणांना.”

अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं. “म्हणजे परवानगीशिवाय प्रसारमाध्यमांशी बोलल्याचं तुम्ही मान्य करता?”

“करतो. लिवा.”

कारकून लिहू लागला. बाई उठल्या, त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या आणि वाकून त्याच्या खांद्यावरून वाचू लागल्या.

“‘बोलल्याचे दिसते’ न्हवं,” त्या म्हणाल्या. “दिसते काढा. ‘बोलले’ लिवा.”

कारकुनानं अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्षांनी मान हलवली. त्यानं शब्द खोडला, नवा लिहिला, आणि बाईंनी खाली सही केली.